व्हिजिट व्हिसावर वेल्डिंग?

प्रश्न : अंबड एमआयडीसीत वेल्डर आहे, नववी पास. एजंट व्हिजिट व्हिसावर सौदीला नेतो म्हणतो, ८० हजार मागतोय. जावं का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : अजिबात नको. दहावी नसल्यामुळे तुमचा पासपोर्ट बहुधा ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) असेल. मग सौदीत नोकरीसाठी एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे परदेशी जाण्याची सरकारी परवानगी लागते, आणि व्हिजिट व्हिसावर ती मिळत नाही. पगार अडला तर दाखवायला करार नाही. पकडले गेलात तर दंड, परत पाठवणी. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटचा परवाना आणि त्याची मुदत बघा. नोंदणीकृत एजंटला ३० हजार अधिक जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपयांपेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही, पावती मागाच. करारात आणि व्हिसावर हुद्दा 'वेल्डर'च हवा. 'लेबर' लिहिलं असेल, तर तिथे वेल्डरचा पगार मागणार कशाच्या जोरावर? परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीच्या प्रवासी भारतीय बीमा योजनेचा दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, अपघाती मृत्यूला संरक्षण १० लाखांचं.