दोष वाचनात की एन्कोडिंगमध्ये?

प्रश्न : सीडीवरची गाणी कॉम्प्युटरवर उतरवायला, म्हणजे रिप करायला, मी डीबीपॉवरॲम्प वापरतो. एकाच वेळी अनेक फॉरमॅट काढणाऱ्या त्याच्या मल्टि एन्कोडरमध्ये मी ॲलॅक आणि एएसी असे दोन एन्कोडर (त्या-त्या फॉरमॅटची फाइल बनवणारे) जोडले आहेत. रिप पूर्ण होतं, चूकही दाखवत नाही, पण फोल्डरमध्ये प्रत्येक गाण्याची एकच फाइल सापडते. दुसरी कुठे जाते?

उत्तर : दुसरी पहिलीच्या जागी जाऊन बसते. ॲलॅक आणि एएसी हे कोडेक, म्हणजे आवाज साठवण्याच्या पद्धती, वेगळे (ॲलॅक काहीही न गमावता फाइल लहान करतो, एएसी आवाजाचा काही भाग गाळतो), पण दोघांच्याही फाइलचं एक्स्टेन्शन एमफोरए. नाव तेच, फोल्डर तेच, एक्स्टेन्शनही तेच. मग मागून आलेली फाइल आधीच्या फाइलवर लिहिली गेली तर नवल नाही. कोणती उरली ते आकारावरून ओळखा. चार मिनिटांचं गाणं सीडीवर सुमारे ४२ एमबी भरतं. ॲलॅकमध्ये ते बहुधा त्याच्या निम्म्याच्या आसपास येतं, तर २५६ केबीपीएसच्या एएसीत ८ एमबीच्याही आत.

यादीतल्या प्रत्येक एन्कोडरला स्वतंत्र आउटपुट फोल्डर द्या आणि आधी एकाच छोट्या ट्रॅकवर करून पाहा. फ्लॅक (ॲलॅकसारखाच काही न गमावणारा) आणि एमपीथ्री एकाच फोल्डरमध्ये सुखाने नांदतात, कारण त्यांची एक्स्टेन्शन वेगळी आहेत. तरीही फोल्डर वेगळे ठेवावेत असंच आम्ही सांगू. नाहीतर प्लेअरच्या यादीत प्रत्येक गाणं दोनदा दिसतं.

प्रश्न : एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या रिपिंग प्रोग्राममधून बॅच फाइल (एकामागून एक चालणाऱ्या आज्ञांची यादी) चालवून फ्लॅक आणि एमपीथ्री दोन्ही काढतो. फ्लॅक नेहमी बनते, एमपीथ्री कधी बनते, कधी नाही. काही मराठी गाण्यांच्या बाबतीत तर काहीच बनत नाही.

उत्तर : ‘कधी बनते, कधी नाही’ यात बहुतेक वेळा एक ठरावीक पद्धत लपलेली असते. एकशब्दी नावांची गाणी बनतात आणि दोनशब्दी अडतात असं असेल, तर एमपीथ्री बनवणाऱ्या लेम या एन्कोडरच्या ओळीत फाइलच्या नावाभोवती दुहेरी अवतरणचिन्हं द्यायची राहून गेली आहेत. मग नावातल्या पहिल्या मोकळ्या जागेपाशी नाव तुटतं आणि लेम भलतीच फाइल शोधत बसतं.

चिन्हं जागेवर असतील तर फ्लॅकची ओळ वाचा. काम झाल्यावर मूळ फाइल पुसून टाकण्याचा पर्याय तिथे दिलेला असेल, तर लेमची पाळी येईपर्यंत ती मूळ फाइल, म्हणजे सीडीवरून उतरलेली वेव्ह, उरतच नाही. पुसण्याचं काम बॅच फाइलकडे देऊच नका. ते एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीवर सोडा आणि कॉम्प्रेशनच्या पर्यायांत बाहेरच्या प्रोग्रामचा परतावा (काम झालं की फसलं हे सांगणारा आकडा, शून्य म्हणजे यश) तपासण्याची खूण चालू ठेवा. पण यातही एक फट आहे. बॅच फाइल साधारणपणे शेवटच्या आज्ञेचा परतावा देते. फ्लॅक फसलं आणि लेम यशस्वी झालं, तरी वर ‘सगळं ठीक’ असाच निरोप जातो आणि वेव्ह पुसली जाते. म्हणून प्रत्येक एन्कोडरनंतर परतावा तपासून, शून्य नसेल तर तिथेच चुकीच्या परताव्यानिशी बाहेर पडणारी ओळ घाला.

नेमकी चूक बघायची असेल तर एन्कोडरची खिडकी न उघडण्याचा पर्याय बंद करा आणि बॅच फाइलच्या शेवटी तात्पुरतं ‘पॉज’ लिहा. काळी खिडकी उघडी राहते आणि लेम काय कुरकुरतंय ते वाचता येतं. देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली, तर दोष कमांड विंडोच्या कोड पेजचा, म्हणजे तिच्या अक्षरांच्या तक्त्याचा. एन्कोडरला ‘?????’ नावाची फाइल मिळणार कुठून? टॅगही (फाइलमध्येच लिहिलेली गाण्याची, गायकाची नावं) याच आज्ञेतून जात असल्याने तेही बिघडतात.

आमचं मत विचाराल तर बॅच फाइलचा नाद सोडा. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीतून फक्त फ्लॅक काढा आणि बाकीचे फॉरमॅट फूबार२००० या प्लेअरच्या कन्व्हर्टरने त्या फ्लॅकपासून बनवा. टॅग आपोआप पुढे जातात आणि उद्या चौथा फॉरमॅट हवा झाला तरी सीडी पुन्हा ड्राइव्हमध्ये घालावी लागत नाही. फ्लॅक काढताना ‘आयडीथ्री टॅग जोडा’ची (हा टॅग एमपीथ्रीसाठी असतो) खूण मात्र काढून टाका. तो टॅग फ्लॅकच्या डोक्यावर चिकटला की काही प्लेअर फाइल उघडतच नाहीत.

प्रश्न : रिप केलेल्या दोन गाण्यांत टक-टक आवाज येतो. एन्कोडर बदलू का?

उत्तर : आधी फ्लॅक आणि एमपीथ्री दोन्हींत तोच सेकंद ऐका. टक दोन्हींत असेल तर एन्कोडर निर्दोष आहे, चूक सीडी वाचतानाच झाली. फक्त एमपीथ्रीत असेल आणि तीही गाण्याच्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या जागी, तर ते क्लिपिंग असू शकतं. कमाल पातळीला टेकवलेलं रेकॉर्डिंग एमपीथ्रीतून पुन्हा उलगडताना मर्यादेच्या वर जातं आणि कापलं जातं. अशा वेळी प्लेअरमध्ये क्लिपिंग टाळण्याच्या पर्यायासह रिप्लेगेन (आवाजाची पातळी जुळवणारी सोय) लावून पाहा.

वाचनाचा दोष असेल तर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीतला सिक्युअर मोड (पुन्हापुन्हा वाचून खात्री करणारा), कमी वेग आणि टेस्ट अँड कॉपी (ट्रॅक दोनदा वाचणारी आज्ञा) वापरा. दोन्ही वाचनांचे सीआरसी (डेटावरून काढलेले पडताळणीचे आकडे) जुळले नाहीत तर ड्राइव्ह दर वेळी वेगळं वाचतोय. सीआरसी जुळले पण ॲक्युरेटरिपशी (इतरांच्या रिपशी ताडून पाहणाऱ्या डेटाबेसशी) मेळ बसला नाही, तर लगेच घाबरू नका. ड्राइव्हचा ऑफसेट (तो किती पुढे-मागे वाचतो ते) चुकीचा भरलेला असेल, किंवा तुमची प्रत वेगळ्या छपाईची असेल. ऑफसेट प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, कुठे +६, कुठे +३०, कुठे +६६७ सॅम्पल (सीडीवर सेकंदाला ४४,१०० सॅम्पल, म्हणजे आवाजाची मोजमापं, असतात). तो अंदाजाने भरू नये.

सीडी पुसायची ती मधल्या भोकाकडून काठाकडे, सरळ रेषेत. गोल फिरवून पुसलं आणि चरा पडला, तर तो माहितीच्या वाटेला समांतर जातो आणि सलग डेटा खातो. सीडीची चूक-दुरुस्ती वाटेवरची साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतची सलग तूट भरून काढू शकते, त्यापुढे नाही. लेबलाच्या बाजूचा खोल ओरखडा तर असाध्यच. डेटाचा थर लेबलाच्या लगेच खाली असतो.

प्रश्न : मैफलीच्या सीडीत टाळ्या एका ट्रॅकमधून पुढच्यात सलग जातात. फ्लॅकमध्ये ठीक वाजतं, एमपीथ्रीत मात्र मध्ये क्षणभर शांतता येते.

उत्तर : एमपीथ्रीची फ्रेम ११५२ सॅम्पलची असते. गाणं तिच्या नेमक्या पटीत संपत नाही, त्यामुळे शेवटची फ्रेम शांततेने भरावी लागते. सुरुवातीला लेमचे ५७६ आणि डीकोडरचे ५२९, असे ११०५ सॅम्पल म्हणजे सुमारे २५ मिलिसेकंद उशीर होतो. किती कापायचं हे लेम स्वतःच्या टॅगमध्ये लिहून ठेवतं, पण ते वाचणं प्लेअरच्या हातात. तुमचा प्लेअर वाचत नसेल तर एन्कोडर कितीही बदला, फट राहणारच. अख्ख्या मैफलीची एकच एमपीथ्री बनवणं हा खात्रीचा मार्ग.

प्रश्न : कॉम्प्युटरवर गाण्यांची नावं मराठीत नीट दिसतात, जुन्या प्लेअरवर नुसती प्रश्नचिन्हं.

उत्तर : तो प्लेअर आयडीथ्रीची पहिली आवृत्ती वाचतोय. तिच्यात नावाला जेमतेम ३० बाइट असतात आणि देवनागरीची सोयच नाही. ती आवृत्ती लिहिणं बंद करा आणि २.३ आवृत्ती यूटीएफ-१६ (देवनागरी चालणारी अक्षर-पद्धत) मध्ये लिहा. यानंतर चौकोन दिसले तर प्लेअरमध्ये देवनागरी फॉन्टच नाही. मग रोमन लिपीतल्या नावांची वेगळी एमपीथ्री प्रत ठेवा, फ्लॅकमधली मराठी नावं तशीच राहू द्या.

प्रश्न : सीडी ४४,१०० हर्ट्झची, मग ऑपस या फॉरमॅटची फाइल ४८,००० का दाखवते? आणि फ्लॅकची आठवी कॉम्प्रेशन पातळी पाचवीपेक्षा चांगली वाजते का?

उत्तर : ऑपस ४४,१०० हर्ट्झवर चालतच नाही, म्हणून एन्कोडर आधी रूपांतर करतो. सेटिंग शोधत बसू नका. फ्लॅकच्या सगळ्या पातळ्यांतून उलगडणारा आवाज बिट न् बिट सारखाच असतो. आठवीत फाइल किंचित लहान होते आणि वेळ जास्त लागतो, एवढंच.