गाडीचा कारखाना बंद होताना गावाकडची मंडळं काय करू शकतात?
पुष्कळ. कोर्टातली लढाई युनियन लढते, पण ती रेंगाळते आणि मधे घर चालवावं लागतं. तळेगावच्या जनरल मोटर्सचं उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबलं; ह्युंदाईशी विक्रीचा करार झाला ऑगस्ट २०२३ मध्ये. एवढ्या काळात जळगाव-धुळ्याकडचा पोरगा भाडं परवडेना म्हणून गावी येतो, एकटा पडतो आणि मिळेल त्या रकमेवर राजीनाम्याची सही करतो. ही सही टाळणं हेच मंडळाचं खरं काम! गणेश मंडळानं, बचत गटानं किराणा आणि पोरांची फी सांभाळली तरी माणूस टिकतो. साने गुरुजी खानदेशातल्या गिरणी कामगारांसाठी उभे राहिलेच होते ना? ग्रामसभेचा ठरावही करा, पण आधी किराणा.