लहान नगरपरिषद खर्च आणि व्यवसायांना द्यायच्या सवलती कशा ठरवते?

तुमचा प्रश्न असा आहे: तुमचे मूळ गाव रायगड जिल्ह्यातील एका लहान नगरपरिषदेच्या हद्दीत आहे, तुम्ही नोकरीनिमित्त मुंबईत राहता, आणि तुमची बहीण अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या ज्या छोट्या शहरात राहते तेथील नगर परिषदेने एका कंपनीला शहरात आणण्यासाठी करात सवलत दिल्याचे तिने सांगितले. आपल्याकडेही असे होते का, आणि एकूणच नगरपरिषद पैसा कशावर खर्च करायचा हे कसे ठरवते, हे तुम्हाला हवे आहे. मी राज्य शासनाच्या स्थानिक निधी लेखापरीक्षेच्या कामात बरीच वर्षे काढली, कोकणातील अनेक नगरपरिषदांची दप्तरे तपासली, आणि निवृत्तीनंतर आता मुलुंडला राहतो. पाहिलेले आणि कायद्यात असलेले, दोन्ही एकत्र सांगतो.

मुंबईत राहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर महापालिका म्हणजे मुंबई महानगरपालिका असते. तिचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74,427 कोटी रुपयांचा होता आणि तिचा कायदाही स्वतंत्र, 1888 चा आहे. तुमच्या गावाला लागू होतो तो 1965 चा महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम. या एकाच कायद्याखाली 2011 च्या जनगणनेत अडीच लाखांहून अधिक लोकसंख्या असलेले अंबरनाथ येते आणि पाच हजारांहूनही कमी वस्तीचे माथेरानही येते, त्यामुळे ‘नगरपरिषदेत असे असते’ हे विधान नेहमी थोडे जपूनच करावे लागते. वर्गवारी मात्र स्पष्ट आहे: एक लाखाहून अधिक लोकसंख्येची ‘अ’ वर्ग, चाळीस हजार ते एक लाखापर्यंतची ‘ब’ वर्ग आणि त्याखालील ‘क’ वर्ग.

अंदाजपत्रकाचा रीतसर प्रवास थोडक्यात असा आहे. मुख्याधिकारी, म्हणजे राज्य शासनाने नेमलेला अधिकारी, लेखा विभागाकडून जमाखर्चाचे अंदाज तयार करून घेतो. नगराध्यक्ष हे स्थायी समितीचे पदसिद्ध अध्यक्ष असतात आणि ती समिती हे अंदाज पाहते. नंतर त्यासाठीच बोलावलेल्या विशेष सभेत नगरसेवक चर्चा करून, बदल सुचवून, सूचक-अनुमोदकांच्या नावांसह ठराव मंजूर करतात. हे सर्व 1 एप्रिलपूर्वी व्हायचे असते. एखादा ठराव कायद्याविरुद्ध किंवा लोकहिताला बाधक वाटल्यास जिल्हाधिकारी कलम 308 खाली त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात.

परंतु या प्रवासाचे वर्णन ऐकून ‘नगरसेवक सभागृहात बसून पैसे वाटतात’ असे चित्र मनात उभे राहिले, तर ते चुकीचे ठरेल. सभा सुरू होण्यापूर्वीच बहुतेक रकमेवर कोणाचे ना कोणाचे नाव लिहिलेले असते. कर्मचाऱ्यांचे वेतन आणि निवृत्तिवेतन, पाणीपुरवठ्याच्या पंपांचे आणि पथदिव्यांचे वीजबिल, साफसफाईचा ठेका, कर्ज असल्यास त्याचे हप्ते, हे सगळे आधी वजा होते. त्यानंतर महिला व बालकल्याण, दुर्बल घटक आणि दिव्यांग यांच्यासाठी राखून ठेवायचे ठरावीक टक्के येतात. राज्याच्या नगरोत्थान योजनेचा पैसा ज्या कामासाठी मंजूर झाला त्याच कामाला लागतो, आणि त्यात नगरपरिषदेला आपला स्वहिस्सा घालावा लागतो, म्हणजे अनुदान मिळाल्याने मोकळा पैसा वाढण्याऐवजी काही वेळा कमी होतो. दलित वस्ती सुधार योजनेचा पैसा त्या वस्तीतच खर्च करावा लागतो. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी लहान शहरांना जे अनुदान दिले, त्यातील 60 टक्के रक्कम पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठी बंधित होती. उरलेली 40 टक्के अबंधित असली, तरी तीही पगारावर खर्च करता येत नव्हती.

म्हणून अंदाजपत्रक हातात घेतले की मी शेवटच्या पानावरील ‘शिल्लक’ कधीच प्रथम पाहत नाही. आरंभीच्या शिलकीत बहुधा न खर्चलेली बंधित अनुदाने दडलेली असतात, आणि त्यांच्या जोरावर तुटीतील नगरपरिषदही शिलकी अंदाजपत्रक सादर करू शकते. मी पाहतो ते दोन आकडे: स्वतःचे उत्पन्न किती, आणि त्यातून आस्थापना (म्हणजे कर्मचाऱ्यांवरील खर्च), वीज व सफाई वजा केल्यावर उरते किती. सभागृहाचा खरा अधिकार त्या उरलेल्या रकमेपुरताच आहे. गटार कोणत्या प्रभागात, रस्ता डांबरी की काँक्रीटचा, उद्यान की व्यायामशाळा, हे वाद त्या रकमेभोवती होतात. त्यातही एक गोष्ट तुम्ही जरूर लक्षात ठेवावी. विषयपत्रिकेवर नसलेले, ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या एका ओळीखाली किती खर्चाला मान्यता मिळाली, हे सभेच्या इतिवृत्तात पाहावे. निकडीच्या कामासाठी ही सोय आवश्यकच आहे. पाइपलाइन फुटली तर सात दिवसांच्या नोटिशीची वाट पाहता येत नाही. पण ज्या नगरपरिषदेत ऐनवेळचे विषय नेहमीच विषयपत्रिकेपेक्षा लांब असतात, तेथे निर्णय सभेबाहेर होतात, असे मी माझ्या अनुभवावरून ठामपणे म्हणेन.

आता सवलतींकडे वळू. तुमच्या बहिणीच्या शहराचे आणि तुमच्या गावाचे मूळ अंतर कराच्या रचनेत आहे. टेक्सासमध्ये राज्याचा विक्रीकर 6.25 टक्के आहे आणि त्यावर स्थानिक संस्थांना मिळून 2 टक्क्यांपर्यंत कर लावता येतो. शहरात मोठे दुकान आले की प्रत्येक विक्रीतील वाटा थेट शहराच्या तिजोरीत पडतो, म्हणून ते दुकान आणण्यासाठी आज काही सोडून देणे शहराला परवडू शकते. तेथील कायदा शहराला अशा कारणासाठी अनुदान किंवा कर्ज देण्याची परवानगी देतो. मालमत्ता करातील सूट दहा वर्षांपर्यंत देता येते, पण त्यासाठी शहराने आधी निकष लिहून मंजूर करावे लागतात आणि संबंधित क्षेत्र ठरवताना जाहीर सुनावणी घ्यावी लागते. सवलत योग्य की अयोग्य यावर तेथेही कडाक्याचे वाद होतात. मात्र काय सोडले, कोणाला आणि किती वर्षांसाठी, याचा कागद असतो.

आपल्याकडे नगरपरिषदेचे व्यापाराशी असे नाते एकेकाळी होते. जकात होती तेव्हा बाजारपेठ वाढली की नाक्यावरची वसुली वाढत असे. राज्यातील नगरपरिषदांची जकात 1999 मध्ये बंद झाली आणि तिच्या बदल्यात शासनाकडून अनुदान सुरू झाले. मुंबईची जकात मात्र 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू होईपर्यंत टिकली. आज तुमच्या गावात नवे शोरूम उघडले, तर त्याच्या विक्रीवरील कर केंद्र आणि राज्य यांच्याकडे जातो. नगरपरिषदेला मिळतो मालमत्ता कर, पाणीपट्टी, बांधकाम परवान्याचे शुल्क आणि अशीच किरकोळ रक्कम. त्या मालमत्ता कराच्या बिलातही शिक्षण कर आणि अनिवासी मालमत्तांवरील रोजगार हमी कर असतो, तो वसूल करण्याचे काम नगरपरिषदेचे आणि पैसा राज्याचा. ज्याच्या येण्याने आपली मिळकत फारशी वाढत नाही, त्याला बोलावण्यासाठी नगरपरिषदेने सवलत का द्यावी, आणि द्यायची म्हटली तरी कशातून? या दृष्टीने माथेरान मला नेहमी बोलके उदाहरण वाटते. दस्तुरी नाक्यावर येणाऱ्या प्रत्येक पर्यटकाकडून नगरपरिषद प्रवासी कर घेते, त्यामुळे तेथे पर्यटकांची संख्या आणि नगरपरिषदेची तिजोरी यांचा थेट संबंध उरला आहे आणि पर्यटन हा तेथील सभागृहासाठी रोजच्या हिशेबाचा विषय आहे.

उद्योगांना द्यायच्या मोठ्या सवलती आपल्या राज्यात राज्य शासनच ठरवते. सामूहिक प्रोत्साहन योजना 1964 पासून वेगवेगळ्या रूपांत चालू आहे. तीत तालुक्यांचे विकासानुसार गट पाडलेले असतात. मुंबई-पुण्यासारखा विकसित पट्टा ‘अ’ गटात असल्याने त्याला कमीत कमी लाभ, आणि मागास तालुक्यांना अधिक. मुद्रांक शुल्कातील माफी, विद्युत शुल्कातील माफी, कराचा परतावा, हे सारे मंत्रालयातून ठरते. भूखंड देते ते 1962 मध्ये स्थापन झालेले औद्योगिक विकास महामंडळ. निवासी करांतही हेच चित्र आहे: मुंबईतील 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ करण्याचा 2022 चा निर्णय राज्य शासनाचा होता आणि त्याची झळ मात्र महापालिकेच्या उत्पन्नाला बसली.

मग नगरपरिषद व्यवसायांना काहीच देत नाही का? देते, आणि पुष्कळ देते. फक्त ते ‘सवलत’ या नावाने कोठेही लिहिलेले नसते. तुमच्या प्रश्नाच्या उत्तरातील हाच भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

कोकणातील एका नगरपरिषदेची तपासणी करताना मी एसटी स्थानकाजवळच्या व्यापारी संकुलाची गाळे भाडे नोंदवही मागितली. गाळ्यांचे करार केव्हाच संपलेले होते. भाडे तेच, पहिल्या करारातले, आणि शेजारच्या खासगी इमारतीतील भाड्याचा दहावा हिस्साही ते नव्हते. मुदतवाढ देण्याचा ठराव मागितला, तर तो नव्हता. फेरलिलावाचा प्रस्ताव मागितला, तर तोही नव्हता. गाळेधारकांविषयी माझे काही म्हणणे नाही. भांड्यांच्या दुकानातील एका वृद्ध गृहस्थांनी मला दर महिन्याच्या पावत्या नीट लावलेली फाइल दाखवली. मागितले तेवढे भाडे त्यांनी एकही महिना न चुकवता भरले होते. मागायचे किती, हे ठरवण्याची जबाबदारी ज्यांची, त्यांनी ते ठरवलेच नव्हते. मी आक्षेप नोंदवला, अनुपालन, म्हणजे आक्षेपावर काय केले याचे उत्तर, मागवले, पुढच्या तपासणीत तोच आक्षेप पुन्हा लिहिला. संकुलाच्या मागच्या वस्तीत त्या वर्षीही उन्हाळ्यात टँकर येत होता आणि पाण्याच्या टाकीचा स्वहिस्सा भरायला पैसे नाहीत, असे त्याच नगरपरिषदेच्या पत्रात लिहिले होते. ते दोन कागद एकाच दिवशी माझ्या टेबलावर आले, आणि त्याचा त्रास मला आजही होतो.

मालमत्ता कराचेही तसेच आहे. दर चार वर्षांनी फेरआकारणी व्हायला हवी. ती लांबली की जुन्या दराने कर भरणारा प्रत्येक जण, आणि त्यातही ज्याच्या दुकानाचा, मंगल कार्यालयाचा किंवा लॉजचा विस्तार कधी मोजलाच गेला नाही तो, दरवर्षी सवलत घेत राहतो. अशा सवलतीला निकष नसतात, मुदत नसते, सुनावणी नसते, आणि ती रोजगार देणाऱ्याला मिळते की नुसत्या ओळखीच्या माणसाला, हे कोणी विचारत नाही. नगरपरिषदेने व्यवसायांना मदत करू नये, असे माझे मत मुळीच नाही. बचत गटाच्या खानावळीला, मासळी विकणाऱ्या बायकांच्या ओट्यांना किंवा नव्याने सुरू होणाऱ्या कार्यशाळेला कमी भाड्याने जागा देणे हा चांगला निर्णय असू शकतो, पण त्यासाठी आधी निर्णय व्हायला हवा, आणि निर्णय म्हणजे ठराव, रक्कम आणि मुदत.

तुम्ही मुंबईत राहूनही हे तपासू शकता. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपये शुल्कात टपालाने करता येतो. अर्जात ‘सर्व माहिती द्यावी’ असे लिहू नये. त्याला मोघम म्हणून बाजूला सारणे सोपे जाते. मागील तीन वर्षांची मालमत्ता कराची मागणी, वसुली आणि थकबाकी. गाळेनिहाय करार संपल्याचा दिनांक, सध्याचे मासिक भाडे आणि ते ठरवणाऱ्या ठरावाचा क्रमांक. शेवटची चतुर्वार्षिक आकारणी कोणत्या वर्षी झाली. आणि शेवटच्या लेखापरीक्षा अहवालातील प्रलंबित आक्षेपांची यादी, एवढे चार मुद्दे नेमके मागा. ठरावाच्या क्रमांकाच्या रकान्यात जेथे रिकामी जागा येईल, तेथे तुमच्या गावातील न ठरवलेली सवलत तुम्हाला सापडली असे समजा.

ही माहिती हाती घेऊन अंदाजपत्रकाच्या विशेष सभेपूर्वी, साधारण डिसेंबर-जानेवारीत, आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला भेटा. सभा झाल्यानंतर केलेल्या तक्रारीपेक्षा सभेपूर्वी हातात दिलेला एक पानाचा कागद जास्त उपयोगी पडतो. नगरसेवकांपैकी अनेकांना, विशेषतः पहिल्यांदा निवडून आलेल्यांना, हे आकडे कोणी कधी दाखवलेलेच नसतात. फेरआकारणीची यादी प्रसिद्ध होऊन हरकती मागवल्या जातील, तेव्हा मात्र गावी जाऊन ती स्वतः वाचा. आपल्या घराचा कर वाढला का, एवढेच त्या यादीत पाहण्याची पद्धत आहे. तुम्ही मुख्य रस्त्यावरच्या दुकानांचे क्षेत्रफळाचे रकानेही वाचा.