खुबा की विषाणू? आधी प्रश्नाचा स्वभाव बघा

ताई,

लेक मायक्रोबायॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला. गर्भाशयमुखातला एचपीव्ही विषाणू शोधण्याच्या चाचण्यांवर तिनं प्रकल्प केला. तेवढ्यात आजी पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि आता तिला हाडांवरच्या संशोधनात जायचंय. ‘स्कोप कशात जास्त, आणि डॉक्टर नसताना तिला विचारणार कोण?’ हे तुमचे दोन प्रश्न.

दुसरा सोपा आहे. ऑपरेशन आणि उपचाराचे निर्णय डॉक्टरांचेच. पण ट्रायल, म्हणजे रुग्णांवर उपचार ताडून पाहणारा अभ्यास, एकट्या डॉक्टरच्या बळावर चालत नाही. रोजचं काम सांभाळणारा स्टडी कोऑर्डिनेटर, नोंदी तपासणारा मॉनिटर, डेटा मॅनेजर, प्रयोगशाळेतली माणसं, संख्याशास्त्रज्ञ असा गोतावळा लागतो आणि त्यातल्या बहुतेकांकडे वैद्यकीय पदवी नसते.

स्कोपच्या आधी मात्र हे बघा, की ही दोन कामं मुळातच वेगळ्या जातीची आहेत.

एचपीव्हीच्या कामात प्रश्न असतो, चाचणी खरं किती बोलते? विषाणू सापडणं म्हणजे आजार नव्हे. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातो. त्याच्या शेकडो प्रकारांपैकी १६ आणि १८ या दोनच प्रकारांमुळे गर्भाशयमुखाचे सुमारे ७० टक्के कर्करोग होतात. म्हणजे चाचणीनं विषाणू पकडायचा, पण निरोगी बाईला उगाच घाबरवायचं नाही. ते ताडून पाहायला कॉल्पोस्कोपी (भिंगातून गर्भाशयमुख बघणं) आणि बायोप्सी (तिथला तुकडा काढून तपासणं) लागते, आणि ती फक्त पॉझिटिव्ह आलेल्यांचीच केली तर चाचणी आहे त्यापेक्षा हुशार दिसते. निगेटिव्ह आलेल्यांपैकी काहींनाही तपासावं लागतं. असल्या खाचाखोचांत ज्याला गंमत वाटते, त्याचं हे काम. धीरही हवा, कारण संसर्गापासून कर्करोगापर्यंत बहुधा दहा-वीस वर्षं जातात.

खुब्याच्या ट्रायलमध्ये सगळं तासांवर येतं. प्रश्न असतो, दोन उपचारांत उजवा कोणता? स्क्रू बसवायचा, रॉड घालायचा की सांधाच बदलायचा? ऑपरेशन किती लवकर? ‘हिप अटॅक’ नावाच्या ट्रायलमध्ये १७ देशांतले २,९७० रुग्ण होते. निदानानंतर सहा तासांत ऑपरेशन करण्याचं उद्दिष्ट ठेवलेला एक गट, नेहमीच्या वेळेनं होणारा दुसरा. २०२० साली निकाल आला: ९० दिवसांतल्या मृत्यूंमध्ये ठळक फरक नाही, पण लवकर ऑपरेशन झालेल्यांमध्ये भ्रम होण्याचं प्रमाण कमी. असा अर्धामुर्धा निकालही पचवता यायला हवा.

आता यात कोऑर्डिनेटर कुठे असतो ते डोळ्यांसमोर आणा. रात्री अपघात विभागात. म्हातारं माणूस वेदनेनं कळवळतंय, नातेवाईक गांगरलेले, आणि कोऑर्डिनेटरला त्यांना ट्रायलमध्ये भाग घेण्याचं संमतीपत्र समजावून सांगायचंय. तेही जबरदस्ती न वाटता, ‘नाही म्हणालात तरी उपचार होतीलच’ हे स्पष्ट सांगून. तुमच्या लेकीनं ही रात्र नातीच्या बाजूनं पाहिली आहे. समोरच्या बाजूनं ती कशी असते, हे तिला अजून ठाऊक नाही. आजीवरच्या मायेनं विषय सुचतो, पण नोकरी मायेवर निभत नाही.

एक कटू गोष्टही सांगून ठेवतो. सुरुवातीची वर्षं दोन्हीकडे फॉर्म भरण्यात, नोंदी तपासण्यात आणि विसरलेल्या सह्यांमागे धावण्यात जातात. हे मुलाखतीत कुणी सांगत नाही.

तिला एवढंच करायला सांगा. दोन्ही विषयांवरचा एकेक शोधनिबंध घेऊन फक्त ‘पद्धती’चा भाग वाचायचा आणि लिहून काढायचं: कुणाला घेतलं, कुणाला वगळलं, काय मोजलं आणि मोजणाऱ्याला गट माहीत होता का? खुब्याच्या ट्रायलमध्ये हा शेवटचा प्रश्न अवघड असतो, कारण सर्जनला काय बसवलं ते ठाऊक असतंच आणि एक्स-रेही ते सांगून टाकतो. मग एखाद्या कोऑर्डिनेटरबरोबर दिवसभर थांबायची परवानगी मागावी. संख्याशास्त्राचा एखादा कोर्स मात्र आत्ताच सुरू करू दे, तो दोन्हीकडे लागेल.

आणि ताई, पुढचं पत्र तिला लिहू द्या. त्या दोन निबंधांपैकी कोणता वाचताना तिला झोप आली, ते मला तिच्याकडूनच ऐकायचंय.