वाचक विचारतात: आवाज बारीक, मग करिअर कसं?

या वेळी पत्रं नेहमीपेक्षा जास्त आलीत आणि गंमत म्हणजे बरीचशी एमा कर्कबी या एकाच ब्रिटिश गायिकेभोवती फिरतायत, म्हणून तीच घेते, हार्मोनियमच्या भात्यावालं पत्र पुढच्या अंकात नक्की.

प्रश्न: ताई, मुलाने यूट्यूबवर एमा कर्कबी नावाच्या बाईंचं हँडेलचं गाणं लावलं होतं. मला फार आवडलं. पण आमच्या ह्यांचं म्हणणं, ऑपेरावाल्या बायका कशा काच तडकेल अशा गातात, ही तर शाळेतली पोरगी वाटतेय. ही खरंच मोठी गायिका आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: ह्यांचा कान चांगला आहे, फक्त निष्कर्ष चुकलाय. आवाज तसाच आहे, सरळ, स्वच्छ, कंप अगदी कमी. पण तो दोष नाहीये हो, त्याच आवाजावर त्यांचं पन्नासेक वर्षांचं करिअर उभं राहिलंय आणि 2007 मध्ये ब्रिटनने त्यांना डेम हा मानाचा किताब दिला.

असं बघा, काच तडकवणारा आवाज लागतो तो मोठ्या ऑपेरा हाऊसमध्ये, समोर सत्तर-ऐंशी वादकांचा ऑर्केस्ट्रा आणि माईक नाही, तिथे तो आवाज सगळ्यांच्या डोक्यावरून शेवटच्या रांगेपर्यंत जायला हवा. हँडेलचं संगीत बरोक, त्याचा संसारच वेगळा. साधारण 1600 ते 1750 चा काळ, चर्च नाहीतर दरबारातली खोली, व्हायोलिनला स्टीलऐवजी तातीच्या तारा म्हणजे जनावराच्या आतड्याच्या, बाजूला हार्प्सिकॉर्ड म्हणजे पियानोच्या आधीचं तारा छेडणारं वाद्य, नाहीतर लांबच लांब मानेचं थिऑर्बो हे तंतुवाद्य. या वाद्यांचा आवाज मऊ, त्यांच्यावर कोणी धबधबा सोडला तर ती बिचारी दिसेनाशी होतात.

आता एक करा, त्यांचा 1980 चा हँडेलचा ‘मेसाया’ शोधा, संचालक क्रिस्टोफर हॉगवुड आणि त्यांचा वाद्यवृंद अकॅडमी ऑफ एन्शंट म्युझिकवाला. त्यातलं ‘रिजॉइस ग्रेटली’ ह्यांना हेडफोनवर ऐकवा. ‘रिजॉइस’ या एका शब्दावर लांबच लांब तान आहे. आपण जिला दाणेदार तान म्हणतो ना, तीच, प्रत्येक दाणा सुटा, आणि एवढं पळून झाल्यावर शब्दाचं शेवटचं अक्षर जिथे पडायला हवं तिथेच पडतं. आवाजात सतत मोठा कंप असता तर हे दाणे एकमेकांना चिकटून खिचडी झाली असती. त्यात साथीची व्हायोलिनं पण तेच तुकडे वाजवतायत, बाई काय म्हणाल्या ते ऐकून उत्तर देतायत, आणि बाईही त्यांना जागा देतात. माझं तर मत असं की बरोक सोप्रानोची, म्हणजे सर्वात उंच पट्टीच्या गायिकेची, निम्मी कला या जागा देण्यात आहे. (ह्यांना तरी नाही आवडलं तर सोडून द्या, घरात भांडण नको.)

प्रश्न: मी कीबोर्ड घेऊन अशाच एका रेकॉर्डिंगसोबत वाजवायला बसलो तर सूर जुळेचना, अर्धा स्वर खाली. रेकॉर्डिंग खराब आहे की माझा कीबोर्ड?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: दोन्ही ठीक आहेत. आजचा ‘ए’ हा स्वर 440 हर्ट्झचा, बरोकवाले बहुतेक 415 वर लावतात, म्हणजे काळी दोनचं गाणं पांढरी दोनवर आल्यासारखं. जुन्या काळी गावागावात पट्टी वेगळी असायची, 415 ही आजच्या वादकांनी सोयीसाठी ठरवलेली. कीबोर्डवर ट्रान्सपोज मायनस वन करा, जमेल.

प्रश्न: मुलगी 23 वर्षांची, संस्कृतमध्ये बीए. आठ वर्षं वेस्टर्न व्होकल शिकली आणि आता म्हणते बरोकच गाणार, परदेशी जाणार. वय निघून गेलंय का? यात पोट भरतं का? तिच्या आधीच्या टीचरने तोंडावर सांगितलं की आवाज लहान आहे, नाद सोड.
– एक आई, पुणे

उत्तर: टीचरचं वाक्य ऐकून मला माझीच आठवण आली, मलाही कॉयरमध्ये, म्हणजे समूहगानात, एकदा असंच मागच्या रांगेत ढकललं होतं, असो.

वयाचं म्हणाल तर वरच्याच बाईंचं घ्या. कर्कबी 1949 च्या. ऑक्सफर्डला शिकल्या त्या ग्रीक-लॅटिन, संगीत नव्हे, मग शाळेत शिक्षिका झाल्या. गायच्या ते हौस म्हणून. 1971 मध्ये टॅव्हर्नर कॉयरमध्ये आल्या, 1973 पासून ल्यूट हे जुनं तंतुवाद्य वाजवणाऱ्या अँथनी रूली यांच्या कन्सॉर्ट ऑफ म्युझिक या ग्रुपसोबत. त्या वेळी जुन्या वाद्यांना शोभेल असा आवाज कॉलेजातून शिकलेल्या सोप्रानो शोधतच नव्हत्या, तर यांनी आपला रस्ता आपणच काढला, लंडनमध्ये जेसिका कॅश यांच्याकडे शिकत आणि सोबतच्या वादकांकडून ऐकत ऐकत. आणि 2001 मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकच्या लायब्ररीतली एक ‘ग्लोरिया’ ही लॅटिन धार्मिक रचना हँडेलची असल्याचं कळलं, तेव्हा तिचं पहिलं रेकॉर्डिंग यांनीच केलं, वय 52. तेव्हा 23 म्हणजे काहीच नाही आणि संस्कृतचा उच्चार घोटलेला असेल तर तो वाया जाणार नाही. या गाण्यात इटालियन, जर्मन, फ्रेंच, लॅटिन सगळं लागतं आणि शब्द धुसर झाला की गाणं गेलं.

पोटाचं मात्र खरं सांगते. ही पगाराची नोकरी नव्हे, बहुतेक जणी फ्रीलान्स, कार्यक्रमागणिक पैसे. डिसेंबरात ‘मेसाया’, ईस्टरच्या आधी बाखचे पॅशन म्हणजे ख्रिस्ताच्या यातनांवरच्या रचना, तेव्हा श्वास घ्यायला फुरसत नसते आणि मधे दोन महिने फोन वाजत नाही असंही होतं. म्हणून सोलो, प्रोफेशनल कॉयर आणि शिकवणी असं तिन्ही धरून चालावं लागतं. मॉन्टेव्हर्डी कॉयर, द सिक्स्टीन अशा ग्रुपमधून बरेच सोलोइस्ट वर आलेत, त्यामुळे कॉयरला कमीपणा मानू नका. शिकायला लंडनची कॉलेजं आहेत, पण फक्त जुनं संगीत हवं असेल तर स्वित्झर्लंडमधल्या बासेलची स्कोला कँटोरम, 1933 पासूनची, आणि नेदरलँड्समधल्या हेगचं कॉन्झर्व्हेटरी म्हणजे संगीत महाविद्यालय बघा. तिथे सर्वात मोठा फायदा म्हणजे शेजारच्या खोलीत हार्प्सिकॉर्डवाला सापडतो. इथे एकटीने कराओके ट्रॅकवर रियाज करून तो जागा देण्याचा भाग येतच नाही, ट्रॅक कुठे थांबतो तुमच्यासाठी!

प्रश्न: आपल्याकडची कोणी या क्षेत्रात गेलीय का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर: निव्वळ बरोकची नव्हे, पण पॅट्रिशिया रोझारियो आहेत ना, मुंबईत जन्मलेल्या, लंडनच्या गिल्डहॉल या संगीत कॉलेजात शिकल्या. जॉन टॅव्हनर या संगीतकाराने तर त्यांच्यासाठी कितीतरी रचना केल्या. भारतातल्या गायकांना शिकवायला त्यांनी ‘गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया’ सुरू केलं. आणि तुम्ही गोव्याचे असून मला विचारताय? चर्चच्या पॅरिश शाळांमधून मेस्त म्हणजे संगीतशिक्षक पोरांना सोल्फा, म्हणजे त्यांचं सारेगम, शिकवायचे, व्हायोलिन हातात द्यायचे, ते तुमच्याच गावात. आजीला विचारा, घरात एखादं जुनं व्हायोलिन पडलेलं असेल तर फोटो पाठवा.