‘असो’ कसलं?

तुमचं पत्र चार पानी. त्यातली पावणेचार त्या निवृत्त प्रशिक्षकावर. तो राहतो कुठे, फिरायला किती वाजता निघतो, तुम्ही दोघांनी कुठून गाठायचं. आणि ज्याच्यासाठी हे सगळं, त्या मित्रावर एवढंच: “दहाव्या मिनिटाला तो बाल्कनीत गेला, तो सिनेमा संपेपर्यंत आत आलाच नाही. असो.”

असो?

आठवीत सराव संपल्यावर प्रशिक्षकाने त्याला थांबवून घेतलं, तुम्ही बाकीचे दोघं घरी गेलात. तिशी उलटल्यावर त्याने एकदाच सांगितलं, पुन्हा विषय काढला नाही. अशा माणसाला बसवून तुम्ही ‘मिस्टिक रिव्हर’ लावलात! वर मला विचारता, बदला घ्यावा का.

क्लिंट ईस्टवुडचा २००३चा तो सिनेमा मीही पाहिलाय. बोस्टनमधली तीन पोरं ओल्या सिमेंटवर नावं कोरत असतात. तिसऱ्याचं, डेव्हचं, नाव अर्धंच होतं आणि पोलीस असल्याची बतावणी करणारा माणूस त्याला गाडीत घालून नेतो. चार दिवसांनी पोरगा सुटतो. पंचवीस वर्षांनी त्या तिघांतल्याच जिमीच्या मुलीचा खून होतो, आणि जिमी सूड उगवतो तो या डेव्हवरच. त्याने तो खून केलेलाही नसतो. (जिमी झालेल्या शॉन पेनला ऑस्कर मिळालं, मिळायलाच हवं होतं. पण तुम्ही बहुतेक तेवढंच पाहिलंत.) जिमी डेव्हला विचारतो, नाही असं नाही. पण कधी? नदीकाठी, मारायच्या तयारीने आल्यावर.

तुम्ही तर तुमच्या मित्राला तेवढंही विचारलेलं नाही. त्या म्हाताऱ्याचे पाय मोडून पकडले गेलात, तर पोलिसांना कारण काय सांगाल? म्हणजे मित्राने इतकी वर्षं झाकून ठेवलेलं तुम्ही चव्हाट्यावर मांडणार, तेही मर्दुमकी म्हणून.

राग खोटा नाही तुमचा. पण ‘आम्ही घरी गेलो’ हे पत्रात दोनदा आलंय, ते माझ्या नजरेतून सुटलेलं नाही.

या रविवारी त्याच्याकडे जा. एकटे. म्हणा, “तू बाहेर उभा होतास आणि मी आत सिनेमा बघत बसलो. चुकलं माझं.” मग गप्प बसा. तोही गप्प बसला तर बसू दे. प्रशिक्षकाचं नाव तुम्ही काढायचं नाही. तक्रार करायची, समुपदेशकाकडे जायचं की काहीच नाही, ते तो ठरवेल. सोबत ये म्हणाला तर जा.

आणि पत्रासोबत त्या प्रशिक्षकाच्या पत्त्याची प्रत पाठवली होतीत, ती मी फाडली. मूळ कागद तुम्ही फाडा, रविवारच्या आत.