मिसूरीचा कायदा न्यू जर्सीत चालेल का?

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही सेंट लुईसला राहतो. मुलगा जुलैत २६ वर्षांचा झाला आणि ३१ जुलैला माझ्या यजमानांच्या आरोग्य विम्यातून त्याचं नाव निघालं. ऑगस्टपासून तो जर्सी सिटीत आहे. काम कंत्राटी आहे, कंपनीचा विमा नाही. वर्षाचे ५८ हजार डॉलर मिळतील. विमा घे म्हटलं की म्हणतो, "आई, कोणी सक्ती करू शकत नाही, मिसूरीत तसा कायदाच आहे." त्याच्या नावावर पुण्यात आम्ही मेडिक्लेम काढलेला आहे. तो दाखवून भागेल का? – एक आई

उत्तर : ताई, चिरंजीव खोटं बोलत नाहीत. फक्त त्यांचा पत्ता बदललाय, हे त्यांच्या ध्यानात आलेलं दिसत नाही.

मिसूरीत तसा कायदा खरंच आहे. ओबामांच्या आरोग्य कायद्याने मार्च २०१० मध्ये विमा सक्तीचा केला आणि ३ ऑगस्ट २०१० ला मिसूरीच्या मतदारांनी 'प्रपोझिशन सी' मंजूर केलं. खासगी विमा घेतला नाही म्हणून दंड नको, ज्याला रोख पैसे देऊन उपचार घ्यायचे त्याला घेऊ द्या, असा त्याचा मथितार्थ. सुमारे ७१ टक्के मतं बाजूने पडली. तुम्ही तेव्हा तिथे असाल तर अंगणाअंगणांत लावलेल्या पाट्या आठवत असतील. पुढच्या वर्षी ओहायोने तर हे थेट राज्यघटनेत घातलं.

पण राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याला अडवू शकत नाही. जून २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की विमा न घेतल्याबद्दलची रक्कम हा एक कर आहे आणि तो लावायचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, आहे. त्यानंतर मिसूरीत राहणाऱ्या माझ्या कितीतरी अशिलांनी तो कर मुकाट्याने भरला. फॉर्म मीच भरलेत, म्हणून सांगते. शेवटी २०१७ च्या करकायद्याने ती रक्कम शून्यावर आणली, २०१९ पासून. म्हणजे मिसूरीत आज विमा न घेता दंडाविना राहता येतं, ते वॉशिंग्टनने हात आखडता घेतला म्हणून. प्रपोझिशन सी मुळे नव्हे.

आणि वॉशिंग्टनने सोडलेलं न्यू जर्सीने उचललं. त्याच २०१९ पासून इथे राज्याची स्वतःची सक्ती आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये तर २००६ चा कायदा आहे आणि त्यावर सही केली ती मिट रॉम्नी या रिपब्लिकन गव्हर्नरने. विम्याची सक्ती ही फक्त डेमोक्रॅटांची खोड, असं चिरंजीव म्हणत असतील तर त्यांना हे जरूर ऐकवा.

आता पैशांचं बोलू. एकट्या माणसाच्या उत्पन्नातून १० हजार वजा करायचे. उरले ४८ हजार. त्यांचे अडीच टक्के म्हणजे १,२०० डॉलर. हा वर्षाचा दंड, महिन्याला १०० पडतात. (एका माणसाला वर्षाला किमान ६९५. कमाल मर्यादाही आहे, पण तुमच्या मुलाची रक्कम तिथवर जात नाही.) फक्त न्यू जर्सीत राहिलेले महिने धरतात. ऑगस्ट ते डिसेंबर तो विम्याविना राहिला तर अंदाजे ५०० डॉलर. राज्याचं कराचं रिटर्न भरताना विम्याची माहिती द्यावीच लागते, तेव्हा गप्प राहून सुटका नाही. सूट आहे, पण ती धर्मामुळे विमा न घेणाऱ्या अमिश लोकांसारख्या पंथीयांना, फार हलाखीत असलेल्यांना वगैरे. 'मला पटत नाही' असा रकाना फॉर्मवर नाही.

पुण्याचा मेडिक्लेम यात धरला जात नाही. (दर महिन्याला कोणीतरी विचारतं म्हणून इथेच सांगते : सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांना हा दंड नाही, आणि त्यांचा प्रवासी विमा तुमच्या रिटर्नवर चालत नाही.)

५०० डॉलर भरून मोकळं व्हावं, असं मुलाला वाटेल. तो सज्ञान आहे, मी अडवणार कोण? पण मीही २७ व्या वर्षी दोन नोकऱ्यांच्या मध्ये चार महिने अशीच राहिले होते. तेव्हा सक्तीही नव्हती. तिसऱ्या महिन्यात अपेंडिक्स. रुग्णालयाने जीव वाचवला, बोलायला जागाच नाही. नंतर ३१ हजारांचं बिल आलं. घासाघीस करून ते १४ हजारांवर आलं आणि मी साडेतीन वर्षं हप्ते भरले. माझं लग्न त्या हप्त्यांमध्येच झालं. नवऱ्याला साखरपुड्याआधी सांगितलं होतं, हे त्याच्या वतीने नमूद करते.

तेव्हा आता घाई करा. वडिलांचा विमा सुटल्यापासून ६० दिवस त्याला राज्याच्या 'गेट कव्हर्ड एनजे' या विमा-बाजाराच्या संकेतस्थळावर विमा घेता येतो, म्हणजे २९ सप्टेंबरपर्यंत. तोवर प्लॅन निवडला तर १ ऑक्टोबरपासून विमा सुरू होईल. मधले दोन महिने कोरडे गेले तरी दंड नाही, कारण सलग तीन महिन्यांपेक्षा कमी खंड माफ असतो. ती तारीख हुकली तर १ नोव्हेंबरची वाट पाहायची आणि विमा मिळणार थेट जानेवारीत.

तिथल्या अर्जात उत्पन्न टाकताना कामाचा खर्च वजा जाता उरेल तो आकडा टाकायला सांगा, हाती पडणारी सगळी रक्कम नव्हे. हप्त्यासाठीची सरकारी मदत त्यावर ठरते, आणि न्यू जर्सी स्वतःच्या खिशातूनही थोडी मदत देते. शिवाय कंत्राटी कामाचा एक फायदा : स्वतः भरलेला विम्याचा हप्ता केंद्राच्या रिटर्नवर उत्पन्नातून वजा करता येतो. हे ऐकून बऱ्याच तरुणांची तत्त्वं जरा सैल पडलेली मी पाहिली आहेत.

तुमच्या यजमानांच्या विमा कंपनीकडून ३१ जुलैला नाव कमी केल्याचं पत्र आलं असेल. ते सापडेल का, बघा. अर्जाला तेच जोडायचं आहे.